साडेसहाचा दिवा

१

व्यंकोबारावांच्या वहीतून एक पान गेलं होतं.

वत्सलाच्या ते लक्षात आलं पानांवरच्या आकड्यांमुळे. तिचे वडील प्रत्येक वही कोरी असतानाच तिच्या पानांवर आकडे घालून ठेवत, आणि या शेवटच्या वहीत एकशे अकरानंतर एकदम एकशे तेरा होतं. मधलं पान कुणी ओरबाडलेलं नव्हतं. पट्टी लावून, शिवणीपासून दोन दोरे अंतर राखून ते सरळ रेषेत उतरवलं होतं. चोरी करणारा इतका नीटनेटका कशाला वागेल? आणि आकाशातल्या वाऱ्यांच्या नोंदी चोरून कुणाच्या पदरात काय पडणार?

व्यंकोबाराव तीस वर्षं हवामान निरीक्षक होते. फुगा सोडायचा, दुर्बिणीतून त्याचा पाठलाग करायचा, दर मिनिटाला कोन लिहायचे आणि त्यावरून वरच्या वाऱ्यांची दिशा काढायची, हे त्यांचं काम. मेलकावेरीतल्या घराच्या गच्चीवरूनही ते संध्याकाळी हौसेनं फुगे सोडत, आणि निवृत्तीनंतरही त्यांनी ते चालू ठेवलं होतं. फुगा दिसेनासा झाला की ते शेवटच्या रकान्यात कारण लिहीत. ‘ढगात शिरला.’ ‘फुटला.’ कधी नुसतंच ‘नजर पुरली नाही.’ जूनमध्ये त्यांनी अंथरूण धरलं आणि ऑगस्टात, श्रावण षष्ठीला, ते गेले.

वत्सला तिरुचिरापल्लीच्या कॉलेजात इतिहास शिकवायची. पहिल्या दोन मासिक श्राद्धांना ती आली होती. तिसऱ्याला, कार्तिक षष्ठीला, परीक्षेच्या कामामुळे येणं झालं नाही, आणि ते तिला टोचत होतं. त्यानंतर चार दिवसांनी आत्याचं कार्ड आलं. ‘पोलीस येऊन गेले. भिऊं नको. ये.’

ती वही मिटतेय तोच दारात जीप थांबली. निळसर गणवेशातला एक उंच अधिकारी उतरला आणि त्याच्या मागून ओळखीचे हेड कॉन्स्टेबल मणी, टोपी काखेत धरून.

“मी स्क्वाड्रन लीडर खर्डेकर, हवाई दलाकडून आलोय,” अधिकारी मराठीत म्हणाला. “गुरुवारच्या दिव्यासंबंधी. घाबरण्यासारखं काही नाही. एका सहीचं काम आहे.”

२

गुरुवारच्या दिव्याची गोष्ट तोवर कुंभकोणमभर झाली होती. संध्याकाळी साडेसहानंतर कावेरीवर नारिंगी रंगाचा एक दिवा संथपणे चढत जाताना घाटावरच्या आठ-दहा जणांनी पाहिला होता. मग तो एकाएकी नाहीसा झाला. कुणी म्हणालं कुंभेश्वराची लीला. वर्तमानपत्रं वाचणारे म्हणाले, उडती तबकडी.

त्याच वेळी सुंदरेश नावाचा बावीस वर्षांचा वैमानिक मद्रासकडे परतत होता. सहा वाजून सदतीस मिनिटांनी, तीन हजार फुटांवर, त्याला अगदी समोर एक दिवा दिसला. दुसरं विमान अंगावर येतंय असं समजून त्यानं झटक्यानं वळण घेतलं. त्या गडबडीत दिशा चुकली, इंधन संपलं, आणि विमान पट्टीश्वरम्‌च्या पलीकडे भाताच्या चिखलात उतरलं. विमान मोडलं. सुंदरेशचं गळ्याजवळचं हाड मोडलं.

“सोमवारी चौकशी आहे,” ओसरीवर बसत खर्डेकर म्हणाले. “त्या तासाला त्या भागात दुसरं विमान नव्हतं. पोलिसांना दिवा सापडला तो तुमच्या अंगणात.”

अंगणात वीस हातांचा बांबू उभा होता. कार्तिकात पितरांना वाट दिसावी म्हणून आत्या त्यावर आकाशदिवा चढवत असत. यंदा त्या पितरांत भाऊ होता.

“वीस हातांवरच्या दिव्याला जो विमान समजला, त्याच्या हाती पुन्हा विमान देणार नाहीत,” खर्डेकर म्हणाले. “पोरगा हुशार आहे. पण मी काय करणार? आत्याबाईंचा जबाब स्पष्ट आहे. फक्त त्यांच्या तोंडून एकदा ऐकतो.”

“बाबांचा फुगा असता, तर तेवढा वर गेला असता,” वत्सला म्हणाली. “पण बाबा नाहीत. सोडणारं कुणी उरलं नाही.”

ती फिल्टरची कापी करायला आत गेली. मागे आत्याचा कोरडा, ठाम आवाज चालू झाला. गोदाआत्या सत्तरीच्या होत्या आणि त्यांचं मराठी त्याहून दोनशे वर्षांनी मोठं.

“सांगितलें कीं त्या मणीला. साडेसहाचा सुमार होता. मी दिवा वाढविला.”

“का?”

“वेळ जाहली म्हणून.”

“आकाशात काही दिसलं?”

“दोन हातांवरचें माणूस मला ओळखूं येत नाहीं, बाबा. आकाशांतलें काय दिसणार?”

वत्सला पितळी पेले घेऊन आली तेव्हा खर्डेकर हसत होते. “तुमच्या आत्याबाईंशी बोलताना बखर वाचल्यासारखं वाटतं.”

“आणि ह्यांशी बोलतांना रेडिओ ऐकल्यासारखें,” आत्या म्हणाल्या. “मधें मधें खरखरतें, इतकेंच.”

मणींनी कापी पिता पिता मान खाली घातली. हसू लपवायला पेला बरा पडतो.

खर्डेकरांनी इंग्रजीत टंकलेला जबाब वत्सलापुढे ठेवला. “घरचं माणूस म्हणून खाली सही करा.”

चार ओळींचा जबाब होता. तिनं तो दोनदा वाचला. त्यात लिहिलं होतं की साडेसहा वाजता मी दिवा वर चढवला.

“ही वेळ चुकली आहे,” ती म्हणाली.

“वेळ तर त्यांनी आत्ताच सांगितली. साडेसहा.”

“नोव्हेंबरात सूर्य पावणेसहाला मावळतो. आत्या चाळीस वर्षं आकाशदिवा चढवताहेत, सूर्यास्ताच्या ठोक्याला. पाऊण तास उशीर त्यांनी आजोबा गेले त्या दिवशीसुद्धा केला नव्हता.” ती वळली. “आत्या, तुम्ही यांना नेमकं काय सांगितलंत? शब्दाला शब्द सांगा.”

३

“दिवा वाढविला, म्हटलें,” आत्या म्हणाल्या. “दुसरें काय म्हणतात?”

वत्सलाला हसू आलं. ऑगस्टानंतरचं ते पहिलंच होतं, आणि ओठांपर्यंत येऊन ते थबकलं.

“साहेब, यांनी दिवा चढवला नाही. विझवला.”

“वाढवला म्हणजे वाढवला,” खर्डेकर म्हणाले. “पगार वाढवतात. दाढी वाढवतात.”

“आणि बांगडी फुटली की?”

खर्डेकरांनी कागदावरून नजर उचलली.

“बांगडी फुटली असं बायका म्हणत नाहीत. वाढली म्हणतात. तसाच दिवा. विझवला म्हणणं अशुभ. म्हणून वाढवला. तुमच्याकडे म्हणत नाहीत?”

“म्हणत असतील.” त्यांनी पेला खाली ठेवला. “माझी आई मी दोन वर्षांचा असताना गेली. बेळगावला वसतिगृहात राहिलो. तिथे घंटा झाली की दिवे बंद. असले शब्द शिकवायला कुणी नव्हतं.” आवाजात तक्रार नव्हती. “पण तुम्ही घरच्या आहात. उद्या चौकशीत कुणी विचारलं, की हे सगळं आत्ता सुचलेलं कशावरून नाही, तर मी काय सांगू?”

तेवढ्यात मणींनी पेला खाली ठेवला. त्यांना मराठी कळायचं. बोलताना मात्र ते तमिळवर येत, आणि वत्सला ते साहेबांना सांगत गेली.

“सार, चूक माझी आहे. पाट्टी, म्हणजे या आजी, ‘वाढविला’ म्हणाल्या. मी बाजारात ओळखीच्या एका मराठी रावांना विचारलं, वाढवणं म्हणजे काय? ते म्हणाले, मोठं करणं, उंच करणं. मी तमिळमध्ये तसं लिहिलं. कचेरीत त्याचं इंग्रजी झालं.” त्यांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. “पण सार, आमच्या घरीही दिवा विझला असं म्हणत नाहीत. माझी आई म्हणते, दिवा मलै चढला. डोंगर चढला. लहानपणी मी बाहेर जाऊन डोंगर शोधायचो. गावात तर टेकडीसुद्धा नाही. मला तरी हे सुचायला हवं होतं.”

खर्डेकरांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग खिशातून पेन काढून जबाबातल्या त्या ओळीवर काट मारली.

“म्हणजे साडेसहाला बांबूवर दिवा नव्हताच. आणि सुंदरेशनं जे पाहिलं ते दुसरंच काहीतरी होतं.” पेन त्यांनी तसंच उघडं ठेवलं. “पण आत्याबाई, आता मला तुम्हाला जास्त अवघड प्रश्न विचारावा लागतोय. आकाशदिवा तेल असेपर्यंत जळतो. तो तुम्ही मध्येच, साडेसहाला, हातानं विझवलात. सातव्या मिनिटाला आकाशात दिवा दिसला. दिवा चढवला असता तर ती वैमानिकाची चूक होती. ठरल्या वेळी विझवला, तर ती खूण होते. कुणासाठी होती?”

आत्यांच्या हातातली माळ थांबली.

“तें मी सांगणार नाहीं,” त्या म्हणाल्या. “शब्द दिला आहे.”

४

खर्डेकर आवाज न चढवता म्हणाले, “उद्या संध्याकाळच्या गाडीनं मी मद्रासला निघतो. तोवर हे कोडं सुटलं नाही, तर मला दोन गोष्टी लिहाव्या लागतील. दिव्याचा उगम कळला नाही, ही एक. आणि या घरातून काहीतरी लपवलं जातंय, ही दुसरी. पहिलीमुळे पोराचं उडणं संपेल. दुसरीमुळे काय होईल ते माझ्या हातात राहणार नाही.”

ते विश्रामगृहाकडे निघून गेले. वत्सला आत्याशेजारी बसून राहिली. 

“त्या पोराचें हाड सांधेल ना?” आत्यांनी विचारलं.

“हाड सांधेल. बाकीचं सांधणार नाही.”

“मला ठावें आहे,” आत्या म्हणाल्या आणि पुन्हा माळ ओढू लागल्या. 

दुपारी ऊन पडलं तशी वत्सला गच्चीवर गेली. ऑगस्टात बाबांची दुर्बीण कपड्यात बांधून ती खाली गेली होती, त्यानंतर तिनं वर पाऊल टाकलं नव्हतं. दुर्बीण जिन्याच्या खोलीत तशीच होती. कपड्याची गाठही तशीच, बाबांची ती दुहेरी गाठ. ती परत फिरणार तोच तिच्या मनात आलं, की ऑगस्टातली गाठ तर तिनं स्वतः मारली होती, आणि तिला दुहेरी गाठ येत नव्हती.

ती गच्चीच्या मधोमध आली. ऑक्टोबरच्या पावसानं साऱ्या गच्चीवर हिरवट शेवाळ धरलं होतं. त्यात तीन ठिकाणी, सारख्या अंतरावर, रुपयाएवढे ओरखडे होते. शेवाळ खरवडून खालचा चुना उघडा पडला होता. दुर्बिणीची तिवई तिथेच उभी राहायची, पण जूननंतर बाबा वर आलेच नव्हते. शेवाळ पावसानंतरचं. मग ओरखडे त्याच्याही नंतरचे.

कठड्यावर मेणाचे दोन थेंब होते, आणि कोपऱ्यात पतंगाच्या कागदाचा चिमूटभर तुकडा चिकटला होता.

तिनं डोळे मिटले. दिवसा फुगा लाल दिसतो. अंधारात दिसत नाही. म्हणून संध्याकाळी बाबा फुग्याखाली कागदाचा इवलासा कंदील बांधत, आत मेणबत्ती. फुगा वर जाई आणि बाबा दिव्याचा माग काढत. डोळे अंधाराला सरावावेत म्हणून फुगा सोडण्याआधी ते जिन्यातून खाली हाक मारत. ती अभ्यासाला बसलेली असे आणि हाकेची वाटच पाहत असे, कारण तेवढ्यापुरता अभ्यास बंद.

‘गोदे, दिवा वाढव. फुगा सोडतोंय.’

आत्यांची खूण शत्रूसाठी नव्हती. तीस वर्षांच्या सवयीनं त्यांनी दिवा वाढवला होता. गच्चीवरून कुणीतरी पुन्हा तशीच हाक मारली होती.

दुहेरी गाठ, पट्टी लावून उतरवलेलं पान, आणि बाबांची दुर्बीण लावता येणारा हात. बाबांनी या तिन्ही गोष्टी ज्याला शिकवल्या असं माणूस एकच होतं.

५

सेतू तिरुविसनल्लूरला राहायचा. पंधराव्या वर्षी तो बाबांच्या हाताखाली लागला, आणि आता पन्नाशीत तो स्वतः निरीक्षक होता. वत्सला त्याला अण्णा म्हणायची; तो बाबांना मामा आणि आत्यांना अत्ती म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी खर्डेकरांच्या जीपमधून ती तिथे पोचली. अमावास्या तोंडावर आलेली. मठाच्या विहिरीला त्या दिवशी गंगा येते म्हणून भिंतींना चुना लावणं चाललं होतं.

“साहेब, तुम्ही विहिरीपाशी थांबा,” ती म्हणाली. “मला पाव तास द्या.”

“आणि तो माणूस मागच्या दारानं गेला तर?”

“तो जाणार नाही. जाणारा असता तर त्यानं पान फाडताना पट्टी लावली नसती.”

खर्डेकरांनी घड्याळ पाहिलं आणि ते चुना लावणाऱ्यांकडे वळले.

सेतू ओसरीवर पंचांग घेऊन बसला होता. तिला पाहून तो उठला, आणि जीपचा आवाज त्यानं ऐकला होता हे त्याच्या चेहऱ्यावरून कळलं.

“अत्तीनं सांगितलं?”

“नाही. त्यांनी शब्द पाळला. गच्चीवरच्या शेवाळानं सांगितलं.”

तो खाली बसला. “मामांचं मासिक होतं. तू आली नव्हतीस. मला वाटलं, पिंड-पाणी होतं ते होतंच, पण त्यांना आवडेल असं काहीतरी व्हावं. एक फुगा शिल्लक होता. त्यांनीच घेऊन ठेवलेला, सरकारी नाही. अत्ती म्हणाली, सोड. दुसऱ्या दिवशी विमानाचं कळलं. मी धावत गेलो आणि पान काढून आणलं. निवृत्तीला दोन वर्षं आहेत, वत्सला. धाकटीचं लग्न व्हायचं आहे. सरकारी माणसानं न कळवता आकाशात दिवा सोडला आणि सरकारचं विमान पाडलं. कोण ठेवेल मला?”

“कदाचित कुणी ठेवणार नाही,” ती म्हणाली. खोटं सांगायला ती आली नव्हती.

सेतूनं पंचांग मिटलं.

“अण्णा, त्या पोरानं दिवा पाहिला. सगळे त्याला सांगतायत की पाहिला नाहीस. आज ना उद्या त्यालाही वाटेल, पाहिला नसेन. त्यानं खरं पाहिलं हे जगात तीन माणसांना ठाऊक आहे, आणि त्यातल्या एकीनं शब्द दिलाय, एकीकडे पुरावा नाही.” मग तिनं हळूच विचारलं, “पान जाळलंत?”

“जाळायला चुलीपाशी नेलं होतं.” तो म्हणाला. “नाही जाळवलं. मामा म्हणायचे, नोंद चुकीची असली तरी खोडू नये, शेजारी दुसरी करावी. मी तर फाडली. वर जाळू कशी?”

त्यानं पंचांग उघडलं. एकशे बारा नंबरचं पान अमावास्येच्या पानाशी नीट घडी करून ठेवलेलं होतं. त्यानं ते तिच्या हातात दिलं नाही. उठून उपरणं खांद्यावर घेतलं आणि स्वतः विहिरीकडे चालू लागला.

खर्डेकरांनी पान विहिरीच्या काठावर पसरलं. त्यांनी आपला नकाशा काढला. सेतू बोट ठेवत वाचत गेला, आणि वाचता वाचता त्याचा आवाज निरीक्षकाचा झाला.

“सहा एकतीसला सोडला. मिनिटाला पाचशे फूट चढतो. वारा खालून नैर्ऋत्येकडचा. तिसऱ्या मिनिटाला नदी ओलांडली. पाचव्याला अडीच हजार. सहाव्याला तीन हजार, म्हणजे घड्याळात सहा सदतीस.”

“सदतीस,” खर्डेकर म्हणाले. त्यांनी कोनावरून नकाशावर रेघ ओढली. सुंदरेशनं सांगितलेली जागा आणि ही रेघ यांच्यामध्ये नखाएवढंही अंतर नव्हतं. “आणि शेवटच्या रकान्यात काय आहे?”

सेतूनं पान त्यांच्याकडे वळवलं. तिथे पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘६½ मि. विमानाचा आवाज, फार जवळ. दिवा वाढला.’

खर्डेकरांनी ते मोठ्यानं वाचलं, आणि वत्सलाकडे न पाहताच म्हणाले, “म्हणजे विझला. विमानाच्या वाऱ्यानं.”

“होय,” वत्सला म्हणाली.

“हे अपघात कळण्याआधी लिहिलं होतं?”

“फुगा दिसत असतानाच लिहितो, साहेब,” सेतू म्हणाला. “नंतर लिहिलं तर ती नोंद नसते. आठवण असते.”

खर्डेकरांनी पान पुन्हा एकदा वाचलं. पडलेल्या अंधारात, तासाला शंभर-सव्वाशे मैलांच्या वेगात, त्या पोरानं मेणबत्तीची उंची आणि वेळ इतकी अचूक सांगितली होती.

“याला डोळे म्हणतात,” ते म्हणाले. “सोमवारच्या चौकशीला तुम्ही माझ्याबरोबर मद्रासला याल?”

सेतूनं एकदा घराकडे पाहिलं. दारात त्याची धाकटी मुलगी उभी होती.

“गाडी किती वाजता आहे?” त्यानं विचारलं.

६

सुंदरेशचं उडणं चालू राहिलं. चौकशीच्या निकालात ‘वैमानिकाचं निरीक्षण अचूक होतं’ असं एक वाक्य आलं, आणि तेवढं एक वाक्य त्याच्या आईनं चौकटीत लावलं, असं मणींनी कुठूनसं ऐकून सांगितलं. सेतूला त्याच्या खात्याकडून लेखी ताकीद मिळाली. ती त्यानं चार वेळा वाचली, कारण खाली नोकरीबद्दल आणखी काही असेल अशी त्याला धास्ती होती. काही नव्हतं. खर्डेकरांचं एक वेगळं पत्र मात्र आलं. ‘पुढच्या वेळी फुगा सोडण्याआधी आम्हाला तार करा. आणि वाऱ्यांच्या नोंदींची नक्कल पाठवाल तर आमच्या वैमानिकांना उपयोग होईल. या भागातल्या नोंदी आमच्याकडे नाहीत.’

मार्गशीर्ष षष्ठीला वत्सला दोन दिवस आधीच आली. सकाळी मासिक झालं. दुपारी सेतूनं तार केली. चारच्या सुमारास, हात गळ्यात बांधलेला एक सडपातळ तरुण दारात उभा राहिला आणि ‘गोदापाट्टी इथेच राहतात ना?’ असं त्यानं तमिळमध्ये विचारलं.

आत्यांनी त्याला जवळ बोलावून, त्याचा चेहरा दोन हातांहून कमी अंतरावर आणून पाहिला. “हा होय तो. हाड सांधलें?”

“सांधतंय, पाट्टी.”

“मग जेवून जा. वर रिकाम्या पोटीं फिरतोस म्हणून दिवे दिसतात.”

सूर्य मावळला. गच्चीवर सेतूनं कंदिलात मेणबत्ती लावली. दुर्बिणीपाशी त्यानं वत्सलाला उभं केलं. तिनं लहानपणी फक्त पाहिलं होतं, हात कधी लावला नव्हता.

“मला जमेल?”

“मामांनी मला पहिल्या दिवशी एवढंच सांगितलं होतं. दिव्यावरून नजर काढू नकोस. बाकी आपोआप येतं.”

ती जिन्याच्या तोंडाशी गेली. खाली ओसरीवर कंदील जळत होता. हाक कुणी मारायची हे कुणी ठरवलं नव्हतं. सेतू थांबला होता, आत्या थांबल्या होत्या, आणि तिच्या लक्षात आलं की ते तिच्यासाठीच थांबलेत.

“आत्या,” तिनं खाली हाक दिली, “दिवा वाढवा. फुगा सोडतोय.”

खाली काळोख झाला. वर फुगा सुटला.

सुंदरेश डाव्या हातातल्या घड्याळावर मिनिटं मोजत होता. सेतू कोन लिहीत होता. वत्सलाच्या डोळ्याला लागलेल्या काचेत एक नारिंगी ठिपका होता, आणि तो नारळांवरून, नदीवरून, सुंदरेशच्या तीन हजार फुटांवरून चढत गेला. दहा मिनिटं. पंधरा. ठिपका टाचणीएवढा झाला, मग टाचणीच्या टोकाएवढा. विसाव्या मिनिटाला काचेत नुसतं आकाश होतं.

ती तशीच वाकून उभी राहिली. मग मागे सरली.

सेतूनं वही आणि पेन्सिल तिच्यापुढे धरली. शेवटचा रकाना रिकामा होता.

“काय लिहू?” तिनं विचारलं. “दिवा वाढला?”

“वाढताना पाहिलास?”

तिनं आठवून पाहिलं. ज्योत फडफडली नव्हती, मंदावली नव्हती. ती शेवटपर्यंत होती तशीच होती, फक्त दूर गेली होती.

“नाही,” ती म्हणाली.

“मग जे पाहिलंस तेच लिही.”

तिनं पान पाहिलं. एकशे तेरा. वर बाबांच्या अक्षरातला आकडा, आणि खाली त्यांनीच आखलेला रकाना. तिनं सावकाश, अक्षर वेडंवाकडं होऊ न देता लिहिलं.

‘२० मि. नजर पुरली नाही.’